शौर्याची नोंद आणि नेतृत्वाची पारख : सैन्यात पदक आणि बढती कशी ठरते

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. आपला धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत नायक आहे. ज्या चकमकीत तो होता, तिच्यासाठी त्याच्या तुकडीतील दोघांना पदके मिळाली आणि त्याला मिळाले नाही, तेव्हा ही निवड कोण आणि कशी करते, हा पहिला. शौर्यपदक मिळवलेली माणसे सैन्यातल्या वरच्या पदांवर फारशी का दिसत नाहीत, हा दुसरा. आणि नेतृत्वासारखी गोष्ट कागदावर मोजता तरी येते का, हा तिसरा. पायदळात आधी कंपनी आणि नंतर पलटण म्हणजे बटालियन सांभाळताना मी पदकांच्या शिफारशीही लिहिल्या आणि हाताखालच्या अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवालही लिहिले. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक भेद आहे. शौर्यपदक हे एका ठिकाणी, एका वेळी घडलेल्या कृतीबद्दल दिले जाते. त्या माणसाची आधीची नोकरी किंवा पुढची योग्यता त्यात धरली जात नाही. बढती देताना मात्र मागच्या अनेक वर्षांच्या नोंदी पाहून, उद्या याच्या हाती किती माणसांचे जीव सोपवता येतील, याचा अंदाज बांधला जातो. पदकासाठी साक्षीदार लागतो, बढतीसाठी अहवाल लागतो. दोन्हींत अखेर एक माणूस दुसऱ्या माणसाबद्दल लिहितो, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्याकडे या बाबतीत जो अन्याय होतो, त्यातला बराचसा वाईट हेतूने होत नाही. तो कच्च्या, घाईच्या किंवा ठोकळेबाज लिखाणामुळे होतो.

पदकांची रचना आधी थोडक्यात सांगतो. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाली आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू मानली गेली, त्यामुळे 1947-48 च्या काश्मीर युद्धातील कामगिरीला ती देता आली. अशोक चक्राची मालिका 1952 मध्ये आली आणि तिच्या तीन वर्गांना 1967 मध्ये अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही नावे मिळाली. पहिली मालिका शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी आहे, दुसरी त्याखेरीजच्या प्रसंगांतील शौर्यासाठी आहे, आणि दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकी सर्वसाधारणपणे या दुसऱ्या मालिकेत येतात. सातारा जिल्ह्यातील कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळाले. ते वीर चक्रापेक्षा कमी धाडसाचे पदक आहे असे कोणी समजू नये, कारण मालिका प्रसंगावरून ठरते आणि धाडसाची प्रत त्या मालिकेच्या आत ठरते. याशिवाय 1960 पासून सेना पदक आहे, आणि त्याखाली प्रशस्तिपत्रे म्हणजे कमेंडेशन कार्डे आहेत.

आता शिफारस कशी जाते ते पाहू. चकमक संपली की कंपनी कमांडर आपल्या सेक्शन कमांडरांकडून (सेक्शन म्हणजे दहाएक जवानांची तुकडी) आणि जेसीओंकडून, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्यांकडून, हकिकत घेतो, ती पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडे जाते, आणि तो ठरवतो की कोणाचे नाव कोणत्या पदकासाठी पाठवायचे. तिथून ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड आणि सेना मुख्यालय अशी चढत जाते, मग संरक्षण मंत्रालयाच्या समितीपुढे येते आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीने प्रजासत्ताक दिनाला किंवा स्वातंत्र्य दिनाला जाहीर होते. यातल्या प्रत्येक पायरीवर पदक एक-दोन पायऱ्या खाली आणता येते. वर बसलेल्या अधिकाऱ्याने तो नाला, ती ढोक म्हणजे गुराख्यांची डोंगरातली झोपडी, तो अंधार पाहिलेला नसतो; त्याच्यापुढे फक्त एक-दीड पानाचा मजकूर असतो, ज्याला आम्ही सायटेशन म्हणतो. त्याच बैठकीत त्याने तसे बरेच मजकूर वाचलेले असतात. म्हणून मजकुरात काय लिहिले आहे यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते.

एक नमुना देतो. तो मी केवळ समजावण्यासाठी रचला आहे. ‘शत्रूच्या प्रचंड गोळीबाराची तमा न बाळगता नायक अमुक यांनी असामान्य धैर्य आणि कर्तव्यनिष्ठा दाखवली.’ हे वाक्य कोणालाही लावता येते, म्हणून ते कोणालाच लागत नाही. आता हे पाहा : ‘पहाटे साडेचारच्या सुमारास ढोकेच्या मागच्या दारातून गोळीबार सुरू झाला आणि पुढचे दोन जवान उघड्यावर जखमी होऊन पडले. नायक अमुक नाल्याच्या आडोशाला सुरक्षित होता आणि त्याला तिथेच थांबण्याचा आदेश होता. त्याने आपल्या लाइट मशीनगनवाल्याला दारावर मारा करत राहायला सांगितले, स्वतः चाळीस पावले सरपटत जाऊन पहिल्या जखमीला ओढून आणले, त्यात त्याच्या डाव्या खांद्याला गोळी लागली, तरीही तो दुसऱ्यासाठी परत गेला.’ या मजकुरात वेळ आहे, अंतर आहे, आदेश काय होता ते आहे, आडोसा सोडण्याचा निर्णय आहे, जखम आहे आणि जखमेनंतरची कृती आहे. दुसऱ्यांदा परत जाणे हा त्यातला निर्णायक तपशील आहे, कारण पहिल्या वेळी आवेश असू शकतो. दुसऱ्या वेळी धोका काय आहे हे त्याला पुरते कळलेले असते. शौर्याची प्रत ठरवणारे अनुभवी अधिकारी हेच शोधतात : त्याच्यापुढे दुसरा, सुरक्षित पर्याय होता का, आणि तो त्याने जाणूनबुजून सोडला का.

रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसरातले नायक यशवंत घाडगे यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीच्या हल्ल्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने धाव घेतली, हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, एकाला टॉमीगनने टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या मानपत्रात हा सगळा क्रम आहे, पण त्याचे वजन एका मुद्द्यावर पेलले आहे : वाचण्याची आशा फारशी नाही हे त्यांना ठाऊक होते.

शौर्य नेहमी असे काही मिनिटांतच दिसते असेही नाही. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्यातल्या अभियंत्यांच्या दलाचे. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले होते, झाडे पाडून अडथळे केलेले होते आणि डोंगरावरून मारा चालू होता. 8 एप्रिलला काम सुरू होतानाच तोफगोळ्यांनी त्यांच्या तुकडीतले दोघे ठार आणि पाच जण जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरीही 8 ते 11 एप्रिल या काळात ते सुरुंग काढत, वळणरस्ते तयार करत राहिले, आणि एका टप्प्यावर रणगाड्याखाली सरपटत, दोरीच्या खुणेने चालकाला इशारे देत त्यांनी रणगाडे पुढे नेले. या कामात शत्रूला किती मारले याचा हिशेब नाही. चार दिवस मन डळमळू न देता केलेले तांत्रिक काम आहे, आणि त्याला परमवीर चक्र दिले गेले, ही आपल्या व्यवस्थेच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

साक्षीदारच उरला नाही तर काय होते? 18 नोव्हेंबर 1962 रोजी चीनशी झालेल्या युद्धात लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह यांच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या कंपनीतील सुमारे 120 पैकी 114 जण लढताना पडले. जे थोडे वाचले त्यांच्या सांगण्यावर सुरुवातीला पुरता विश्वास बसला नाही. 1963 च्या फेब्रुवारीत बर्फात गोठलेले देह सापडले, काहींच्या हातांत शस्त्रे तशीच होती, तेव्हा ती हकिकत शब्दशः खरी असल्याचे दिसले. 1999 च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर याच्या उलट अंगाने एक गोष्ट घडली. तिथे लढताना पडलेल्या पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हा त्यांच्या नावाचाच भाग) यांच्या शौर्याची चिठ्ठी आपल्या ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या देहासोबत पाठवली, आणि पुढे त्यांना पाकिस्तानचे सर्वोच्च पदक मिळाले. शत्रूच्या साक्षीने पदक मिळावे, ही सैनिकी व्यवसायातील अत्यंत सन्मानाची गोष्ट मी मानतो. त्याच युद्धात ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांचे परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. ते रुग्णालयात उपचार घेत आहेत आणि पडलेला जवान त्यांचा नामसाधर्म्य असलेला सहकारी होता, हे नंतर कळले. सर्वोच्च पदकाच्या कागदातही नावांची अशी गल्लत होऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

आजवर दिलेल्या 21 परमवीर चक्रांपैकी 14 मरणोत्तर आहेत. यावरून अनेक जवानांचा असा समज होतो की जीव गेल्याशिवाय मोठे पदक मिळत नाही. हा समज पूर्ण खरा नाही, पण निराधारही नाही, कारण मृत्यू हा धोक्याचा असा पुरावा असतो की वरच्या पायरीवर त्याबद्दल कोणी शंका घेत नाही. जिवंत राहून काम फत्ते करणाऱ्याचा धोका मात्र शब्दांनी सिद्ध करावा लागतो.

आपल्या भावाकडे वळतो. एका चकमकीसाठी कमांडिंग ऑफिसर तुकडीतल्या सगळ्यांची नावे पाठवत नाही, आणि पाठवली तर वरचे अधिकारी ती यादी गांभीर्याने घेत नाहीत. तो दोन-तीन नावे निवडतो, आणि निवडताना साहजिकच ज्यांची कृती वेगळी काढून सांगता येते त्यांची निवडतो. ज्याने बाजूने मारा चालू ठेवला, ज्याने वेढा सुटू दिला नाही, ज्याने जखमींना मागे पोहोचवले, त्याच्याशिवाय ती चकमक जिंकता आली नसती, पण त्याचे काम एका वाक्यात उभे राहत नाही. ही उणीव मी मान्य करतो. ती भरून काढायची असेल तर कंपनी कमांडरने चकमकीनंतर, माणसे थकलेली असली तरी, प्रत्येकाशी वेगवेगळे बोलले पाहिजे आणि त्याच भाषेत टिपून घेतले पाहिजे ज्या भाषेत तो जवान सहज सांगतो. मराठा पलटणीत जवान मराठीत जे भरभरून सांगतो ते इंग्रजी सायटेशनमध्ये उतरताना निम्मे गळते. जो अधिकारी मराठी नीट शिकतो त्याच्या जवानांना पदके अधिक मिळतात, असे मी पाहिले आहे. आपल्या भावाचे नाव पाठवले गेले असेल आणि वर कुठेतरी ते कमेंडेशन कार्डापर्यंत खाली आले असेल, ही शक्यताही आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राणे यांच्याच कारकिर्दीत आहे. परमवीर चक्र मिळवलेले राणे 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. काहींना ही उपेक्षा वाटते. मला तसे वाटत नाही, कारण पदकाच्या जोरावर बढती देऊ लागलो तर पदकासाठी पलटणी झगडतील आणि बढतीसाठी नको ती धाडसे होतील. पदकाला मान, भत्ता आणि सवलती आहेत. 2017 मध्ये भत्ते दुप्पट झाले, तेव्हा परमवीर चक्राला दरमहा 20,000 रुपये, महावीर चक्राला 10,000, शौर्य चक्राला 6,000 आणि सेना पदकाला 2,000 रुपये असे दर ठरले. राज्य सरकारांची बक्षिसे याहून वेगळी असतात आणि त्यांत राज्याराज्यांत मोठी तफावत आहे. बक्षिसाची आपल्याकडची जुनी रीत पाहायची तर अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी काय केले हे सभासदाच्या बखरीत आहे : पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत चालवले, मुलगा नसेल तर पत्नीला निम्मे वेतन लावून दिले, आणि जखमींना जखम पाहून होन दिले. कडी, तुरे, पदके, हत्ती, घोडे हे मोठ्या योद्ध्यांसाठी होते. ‘जखम पाहून’ हा निकष मला आजही फार सुज्ञ वाटतो.

राणे यांच्या नेमके उलट उदाहरण लेफ्टनंट जनरल सगत सिंह यांचे आहे. डिसेंबर 1961 मध्ये गोव्याच्या मोहिमेत त्यांची पॅरा ब्रिगेड पणजीत सर्वांत आधी पोहोचली, 1965 मध्ये त्यांनी सिक्कीममधील नथू ला ही खिंड सोडली नाही आणि 1967 मध्ये तिथे चिन्यांना तोंड दिले, आणि 1971 मध्ये चौथ्या कोअरचे प्रमुख असताना हेलिकॉप्टरांनी मेघना नदी ओलांडून ढाक्याचा मार्ग मोकळा केला. त्यांना परम विशिष्ट सेवा पदक आणि पद्मभूषण मिळाले, पण रणांगणावरच्या सेनापतित्वासाठी वेगळे पदक तेव्हा नव्हतेच. सर्वोत्तम युद्ध सेवा पदकाची मालिका 1980 मध्ये आली, ती ही उणीव भरून काढण्यासाठी. आणि इतके करूनही ते लेफ्टनंट जनरल याच पदावरून निवृत्त झाले. आर्मी कमांडर झाले नाहीत. युद्धात जे स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतात, ते शांततेच्या काळात वरिष्ठांना अवघड वाटतात, ही तक्रार प्रत्येक सैन्यात आहे आणि आपल्या सैन्यालाही ती लागू पडते.

आता तिसरा प्रश्न. अधिकारी होण्यापूर्वी सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात पाच दिवस पारख होते. 1943 पासून चालत आलेल्या या पद्धतीत मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा आणि ग्राउंडवर सामूहिक कामे देणारा असे तिघे स्वतंत्रपणे पाहतात आणि शेवटी एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा असे ते वर्णन केले जाते. त्यातील कमांड टास्क मला विशेष बोलके वाटते. उमेदवाराला फळी, दोरी आणि ओंडका देऊन एक अडथळा पार करायला सांगतात आणि दोन सहकारी निवडायला सांगतात. तो कोणाला निवडतो, स्वतःची कल्पना फसली की सहकाऱ्याचे ऐकतो का, आणि अधिकाऱ्याने मध्येच अट बदलली तर चिडतो का, हे दहा-पंधरा मिनिटांत दिसते. अडथळा पार झाला की नाही याला त्या मानाने कमी महत्त्व असते.

पुढची सगळी पारख गोपनीय अहवालातून होते. अधिकाऱ्याचा निकटचा वरिष्ठ तो सुरू करतो, त्याच्या वरचा तपासतो आणि त्याच्याही वरचा पुन्हा पाहतो. बहुतेक वेळा हे अनुक्रमे कमांडिंग ऑफिसर, ब्रिगेड कमांडर आणि डिव्हिजन कमांडर असतात. गुण नऊपैकी असतात आणि सोबत ‘पेन पिक्चर’ म्हणजे शब्दचित्र असते. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची पदे सेवेची वर्षे भरली की मिळतात, साधारण तेरा वर्षांत. खरी निवड कर्नलपासून सुरू होते. निवड मंडळापुढे उमेदवाराचे नाव झाकलेले असते आणि 2009 पासून 100 पैकी 95 गुण नोंदींवरून ठरतात, 5 गुण मंडळाच्या सदस्यांच्या निर्णयाचे असतात. शौर्यपदकाला त्यात वाटा आहे, पण छोटा. मोठा वाटा अहवालांचा, आणि त्यातही तुकडी प्रत्यक्ष सांभाळतानाच्या अहवालांचा.

दोष इथेही लिखाणात आहे. सगळे वरिष्ठ उदार हाताने आठ आणि नऊ देऊ लागले की प्रामाणिकपणे सात देणारा वरिष्ठ नकळत आपल्या चांगल्या अधिकाऱ्याचा घात करतो. मी शब्दचित्राला गुणांपेक्षा जास्त मान देतो, कारण ‘याच्या कंपनीत शिक्षेच्या नोंदी कमी आहेत आणि तरीही जवान त्याच्यापुढे खरे बोलतात’ अशा एका वाक्यातून जे कळते ते आकड्यातून कळत नाही.

अहवाल बेफिकिरीने लिहिले तर काय होते हे सर्वोच्च न्यायालयाने 25 मार्च 2021 रोजी लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती मिळणारच नव्हती, म्हणून त्यांचे अहवाल वर्षानुवर्षे वरवर लिहिले गेले. आणि फेब्रुवारी 2020 च्या निकालानंतर तोच हक्क मिळाला तेव्हा त्याच अहवालांवरून, तेही पाचव्या किंवा दहाव्या वर्षापर्यंतच्या, त्यांची पारख झाली. त्यानंतर मिळवलेली पदके आणि प्रशस्तिपत्रे मोजलीच गेली नाहीत. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. माझ्या मते हा निकाल गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचला पाहिजे, मग त्याच्या हाताखाली महिला अधिकारी असो वा नसो.

जवानांची बढती वेगळ्या वाटेने जाते. नायकाचा हवालदार होताना ज्येष्ठता, केडर अभ्यासक्रम, शिक्षण, वार्षिक अहवाल, शारीरिक क्षमता आणि शिस्तीची नोंद पाहतात. लाल शाईची, म्हणजे गंभीर शिक्षेची, एक नोंद वर्षानुवर्षे आड येऊ शकते. पुढे ऑनररी लेफ्टनंट आणि ऑनररी कॅप्टनपर्यंतचा मान उत्तम जेसीओंना मिळतो, जसा परमवीर चक्र मिळवलेल्या बाना सिंह यांना मिळाला. म्हणजे आपल्या भावाला पदक न मिळाल्यामुळे त्याच्या हवालदार होण्यात काही अडचण येत नाही.

त्याने काय करावे, हेही सांगतो. आपल्या कंपनीच्या सीनियर जेसीओमार्फत कमांडिंग ऑफिसरची भेट मागावी आणि आपले नाव पाठवले होते का, हे आदबीने विचारावे. अशी भेट मागणे हा त्याचा हक्क आहे आणि आदबीने विचारल्यावर सहसा कोणी राग धरत नाही. त्या दिवसाची हकिकत त्याने वेळ, जागा आणि जवळ कोण होते यासह मराठीत लिहून काढावी, आणि जे सोबती आता त्याच पलटणीत आहेत त्यांच्याकडून ती पडताळून घ्यावी, कारण बदल्या झाल्या की साक्षीदार विखुरतात आणि उशिरा आलेली शिफारस सहसा विचारात घेतली जात नाही. कमेंडेशन कार्ड मिळाले असेल तर त्याची नोंद त्याच्या सेवापुस्तिकेत आणि बेळगावच्या अभिलेख कार्यालयात झाली आहे का, हे तपासावे. हवालदारपदाच्या वेळी आणि निवृत्तीनंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जाताना ती नोंद लागते.